आण्णांचा देव

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

दुष्काळाचं साल होतं. गावच्या सोसायटीनं माळावर गुरांची छावणी घातली होती आणि चेअरमन तुम्ही होतात. मामा, आईचा सख्खा भाऊ, आपली बैलजोडी घेऊन आला. सोसायटीच्या निवडणुकीत तो विरोधी पॅनेलमधून उभा राहिला होता, एवढाच त्याचा गुन्हा. तुम्ही सावलीत खुर्चीवर बसलेले, तो उन्हात उभा, डोईचा पटका हातात धरून. छावणीत जागा नाही म्हणालात. जागा होती, मला दिसत होती. त्यानं पुन्हा विनवलं, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "इरोधात गेलेल्याला देव बी माफ करत न्हाई. मी तर माणूस हाय." मामानं ती जोडी धारूरच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकली. पुन्हा तो आपला उंबरा चढला नाही.

तेव्हापासून माझ्या मनातला देव खुर्चीवर बसायला लागला. त्याला तुमच्या मिशा होत्या, आणि कोण नमस्कार करतं, कोण करत नाही, हे तो बरोबर ध्यानात ठेवायचा. मी आईला विचारलं, देव आण्णांसारखाच असतो का गं? ती चुलीपुढे भाकरी थापत होती, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "तसा असता तर म्या त्याच्यापुढं दिवा लावला असता व्हय?" तिचा देव तिच्या आईसारखा होता. बोलायचा कमी, पण उशिरा आलेल्याचंही ताट झाकून ठेवायचा.

पुढे मी तेलगावला शाळेत शिकवायला लागले. एका कोरड्या वर्षी मुलांना देवाचं चित्र काढायला सांगितलं, तर एका पोरीनं टँकरवाला काढला. हातात पाईप, पुढ्यात घागरींची रांग. आपलं जगणं ज्याच्या हातात, त्याचंच तोंड माणूस देवाला देतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ज्याच्या हातात सगळं असतं, तो देवाला स्वतःचं तोंड देतो.

शेवटी तुम्ही अंथरुणाला खिळलात. चेअरमनकी गेली होती, भेटायला कुणी येत नव्हतं. एका दुपारी मी पेज भरवताना तुम्ही माझा हात धरलात. "देव कसा असंल गं, पोरी? माफ करंल का मला?"

आईचा देव मला ठाऊक होता. तो तुम्हाला देता आला असता. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यासारखाच असंल, आण्णा."

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. पेज निवून गेली. त्यानंतर तुम्ही कुणाशी बोलला नाहीत.

मला तेव्हा गार वाटलं, आज लिहितानाही वाटतंय. राहा उभे उन्हात. म्हणू दे देवाला, जागा नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. फक्त एक सांगते. देवळात मी कधी डोळे मिटत नाही. बायका म्हणतात, बाईंना शिक्षणाचा गर्व आहे. तसं नाही. डोळे मिटले की समोर तुम्ही असता, आणि माझी मान आपोआप खाली जाते.