सुकटीचा डबा आणि जंगलाचा नाका

आबा, आईला अखेर जंगलाच्या नाक्यापलीकडं नेलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. साताऱ्याहून निघालो, कोयनेकाठी एक मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चांदोली गाठली. गाडीत मी, बायको, लेक, आई आणि भाड्याचे दोन तंबू. आईनं निघतानाच बजावलं होतं, "औंदा माघारी फिरलास तर मी उतरून चालत आत जाईन." तिचं बरोबरच होतं. मी नऊ वर्षांचा असताना तुम्ही फौजेतून सुट्टीवर आला होतात आणि मामाची जीप घेऊन आपण तिघं इथंच आलो होतो. मांस-मासे आत नेऊ नयेत, अशी नाक्यावर पाटी. गार्डनं काही विचारलंसुद्धा नव्हतं. तुम्ही खाली उतरलात, साहेबापुढं उभं राहावं तसे ताठ उभे राहिलात आणि म्हणालात, "आमच्याकडं सुकटीची चटणी हाय." तो बिचारा म्हणाला, "आवं काका, हितंच खावा आन् जावा की आत." पण नियम मोडायला आलेल्यानं आत जायचं नाही, असं म्हणून तुम्ही जीप थेट घरी, रहिमतपूरला वळवलीत. उरलेली सुट्टी आईनं अबोला धरला. अजून भाकरी हवी का, हे ती तुम्हाला नाही, ताटाला विचारायची.

या खेपेला नाक्यावर गाडी थांबते आणि तोच सुकटीचा वास येतो. मी आईकडं बघतो, ती पिशवी पदराखाली ओढते. गार्ड खिडकीत डोकं घालतो. "वास कसला ओ ह्यो?"

"माझ्या गुडघ्याचं तेल हाय बाळा."

"खरं का साहेब?"

आबा, मी पाटी वाचली होती, ती मला पटलीही होती. मी म्हणालो, "हो. आयुर्वेदिक आहे." बायकोला जोरात ठसका लागला.

आत गेल्यावर वासानं जनावर यायला नको म्हणून मी काचा लावून सगळ्यांना गाडीतच जेवायला बसवलं. उकाड्यानं लेक रडकुंडीला आली. तेवढ्यात झाडीतून एक भेकर बाहेर आलं आणि ऐटीत रस्ता ओलांडून गेलं. आई हातातली भाकरी तशीच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाचं नाक आडवं आलं, न्हाईतर हे तवाच बघितलं असतं. तीन फडक्यांत बांधलेलं, तरी वास आलाच की त्यास्नी!"

तुम्हाला वास आला नव्हता. आईच्या पिशवीत सुकट आहे, हे जीपमध्ये मीच तुमच्या कानात सांगितलं होतं, आणि तुम्ही शेवटपर्यंत तिला नाकाचंच कारण देत राहिलात. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आईच्या हाती लागू नये एवढंच बघायचं आहे. कारण परवा त्या गाडीतच खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तिनं त्यात घास भरवला. तो मी चावत बसलो, लागतो त्यापेक्षा बराच वेळ.