हिरव्या कुंचीची गाठ

अव्वा,

तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडं पायऱ्या नसतील तर बरेच असतील. मामांचा खोकला बसला का, की तंबाखू तिकडंही सुटली नाही? तुमच्या लेकाला तिथं येऊन सहा वर्षं होतील. त्यांची साखर कशी आहे? इथं मी गुळाचा डबा उंचावर ठेवत होते. तिथं तुम्ही आहात म्हणजे खडा हातावर पडतच असेल, तुम्ही त्यांना कधी नाही म्हणाला नाहीत. गल्लीच्या टोकाची कासारीण भेटते का, तिची कंबर सरळ झाली का? सगळ्यांना माझा शरणार्थ सांगा. आणि ती कशी आहे? तिचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून नुसतं ती म्हणते. तुमची थोरली. तिकडं ती मोठी झाली का, की गेली तेवढीच राहिली, अकरा दिवसांची? तुमच्या मांडीवर येते ना?

इकडं मी बरी आहे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा ओवता येतो. नांदेडला लेकाजवळ असते. नात बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली, म्हणजे तुमची खापरपणती. येत्या रविवारी बारसं आहे. पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच, पण तुमच्या पेटीचं बोलल्याशिवाय ते बोलता येत नाही.

पेटी अजून आहे. तीच पत्र्याची, झाकणावर मोर असलेली. मोराची मान तेवढी गंजली. मी उदगीरला तुमच्या घरात आले तेव्हा तिच्यात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, दूध पाजायचं पितळी बोंडलं आणि शेकायची छोटी शेगडी होती. नव्या लेकराच्या अंगावर बारशापर्यंत नवं कापड घालायचं नाही, जगल्या-वाचल्या घरचं जुनं घालायचं, ही आपल्याकडची रीत. प्रत्येकीनं दहा दारं कशाला हिंडायची, म्हणून तुम्ही एकाच पेटीत सगळ्यांचं जमा केलं होतं. ज्या घरची सगळी लेकरं जगली त्यांचंच घ्यायचं, धुऊन द्यायचं, धुऊन परत घ्यायचं, आणि परत येताना कोपऱ्यात मूठभर तांदूळ बांधलेले असायचे, कारण लेकराचं कापड रिकामं परत करत नाहीत. पेटीच्या तळाला जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. माझी शाळा चौथीत सुटलेली. पेटी आवरता आवरता मी ते वाचायची. पहिल्यांदा तुम्ही ओरडलात, "कपडे घडी करून राहिलीस का पेपर वाचून राहिलीस?" आणि दुसऱ्या आठवड्यात नवा पेपर आणून अंथरलात. 

वर्ष पुरं व्हायचं होतं माझ्या लग्नाला. पौषाची थंडी होती. तुमच्या भावाला बरं नव्हतं म्हणून तुम्ही देवणीला गेलात. जाताना पेटीची किल्ली माझ्या कमरेला बांधलीत आणि म्हणालात, "कोणी आलं तर वरचं दे. तळाचं गाठोडं तळालाच राहू दे." दुसऱ्या दिवशी कासारीण आली. अख्ख्या गावातल्या गर्भारणींच्या हातात हिरवा चुडा भरणारी बाई, आणि तिच्याच सुनेची दोन लेकरं पाळण्यात राहिली नव्हती. आता तिसरी झाली होती, पोरगी, मुठीएवढी. चप्पल न काढता दारातच म्हणाली, "सूनबाई, जगल्या घरचं दे ग काही. गरम दे. पोरगी निळी पडून राहिली." पेटी उघडली तर वर चार झबली आणि दोन दुपटी, धुऊन धुऊन जाळी झालेली. तिन्ही कुंच्या बाहेर गेलेल्या. थंडीत आपल्या गल्लीत बाळंतिणींना काय तोटा होता? तळाच्या गाठोड्यातून मग ही निघाली: हिरव्या खणाची कुंची, आत जाड अस्तर, कडेला लाल गोट. मी ती दिली. कासारणीनं कपाळाला लावून विचारलं, "कोणाच्या लेकराची ग?" मी म्हणाले, "घरचीच हाय."

तुम्ही तिसऱ्या दिवशी परत आलात. मी तुम्हाला घ्यायला दारात उभी होते म्हणून मला सगळं दिसलं. कासाराच्या ओट्यावर सून ऊन घेत बसली होती, लेकरू खांद्यावर, लेकराची पाठ रस्त्याकडं. कुंची अशी असते की पाठीमागून लेकरू दिसतच नाही, डोक्यापासून खाली नुसती कुंची दिसते. तुम्ही चालता चालता थांबलात. हातातली पिशवी खाली गेली, देवणीच्या भुईमुगाच्या शेंगा रस्त्यावर पसरल्या आणि तुम्ही त्या उचलल्या नाहीत. तसं तोंड मी पुन्हा एकदाच बघितलं, मागच्या वर्षी, नातीचं.

घरात येऊन तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही. पेटी उघडली, तळाचं रिकामं फडकं बाहेर काढलं.

"गाठ कोण सोडली?"

"सुटलेलीच होती, अव्वा."

"सुटलेलीच?"

"हाव. गाठोडं मोकळंच होतं. मला वाटलं, द्यायचंच हाय."

माझी पाचावर धारण बसली होती. आता थोबाडीत बसणार म्हणून मी गाल आखडून उभी. तुम्ही मारलं नाही. फडकं मांडीवर घेऊन खाली बसलात आणि भिंतीशी बोलल्यासारखं सांगितलंत. तुमची थोरली पोरगी. तुम्ही स्वतः सोळाच्या. हौस आवरली नाही म्हणून माहेरच्या खणाची नवीकोरी कुंची शिवलीत आणि बारशाची वाट न बघता घातलीत. अकराव्या दिवशी ती गेली. नवं कापड घातलं म्हणून गेली, असं तुमची सासू सगळ्या बायकांदेखत म्हणाली आणि तुम्ही ते खरं धरलंत. त्यानंतर पेटी. दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या अंगावर नवं पडू नये, एवढ्यासाठी ती सारी उठाठेव. इतके दिवस गल्लीला वाटायचं, अव्वाचा हात मोठा. हात मोठा होताच, पण आत भीती केवढी होती हे मला त्या दिवशी कळलं.

मी रडत म्हणाले, "आत्ता जाऊन परत आणते."

"काय सांगून आणशील? मेल्या लेकराची हाय म्हणून? ती बाई धसक्यानंच जाईल. दूध आटंल तिचं." मग तुम्ही उंबऱ्यात जाऊन बसलात. उठताना म्हणालात, "आता एकच करायचं. रोज जायचं. डोळ्यांनी बघून यायचं. आणि मी हाय तोवर हे कोणाला बोलायचं न्हाई."

त्या दिवसापासून आपण दोघी रोज गेलो. कधी बाळंतशेपा द्यायचं निमित्त, कधी तेलाची वाटी, कधी काहीच नाही. कासारीण हसायची, "अव्वा, आमची पोरगी दत्तक घेता का काय?" तुम्ही म्हणायचात, "घेते की. तुझी कंबर मोडली, तुला कुठं उचलतंय?" लेकराला हातात घेतलं की तुम्ही त्याचं तोंड बघायचा नाहीत. मला द्यायचात, मी खांद्यावर घ्यायची, आणि तुम्ही माझ्या मागं उभं राहून हळूच म्हणायचात, "कूसु, ए कूसु." तुमच्या कन्नडात लेकराला म्हणतात ते. कोणत्या लेकराला हाक मारताय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. पोरगी शिंकली तरी मला वाटायचं, कुंचीनं ओढली.

आणि एक दिवस ती खरंच निपचित होती. कासारीण म्हणाली, "झोपाळू हाय आमची." तुम्ही कुंची मागं सारली, पहिल्यांदा तिचं तोंड नीट बघितलंत, गालावर बोट दाबलंत. "सकाळपासून किती वेळा प्याली?" सुनेला सांगता येईना. "ही झोपाळू न्हाई ग, सुस्त पडलीय. टांगा आणा." सरकारी दवाखान्यात तुम्ही चार दिवस त्या सुनेच्या उशाशी बसून होतात. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर सांगता आलं नसतं. ती जगली, अव्वा. देगलूरला मास्तरीण झाली, आता आजी आहे, दिवाळीला फोन करते. ती कुंचीनं वाचली नाही आणि कुंचीनं मरतही नव्हती. तुम्ही रोज गेलात म्हणून वाचली. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणाले नाही.

वर्षानं कुंची परत आली, कोपऱ्यात तांदूळ बांधलेली. ते तुम्ही दुधात शिजवलेत, आपण दोघींनी चुलीपुढं बसून खाल्ले. मग कुंची पेटीत ठेवलीत, पण तळाला नाही, सगळ्यात वर. म्हणालात, "किती वर्षं कोंडून ठेवलं मी तिला. गाठ सोडून आपणहून बाहेर आली बघ. तिला खेळायचं होतं." तुम्ही हसलात. त्याआधी लेकराच्या गोष्टीत मी तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं. पुढं जिचं एखादं गेलंय, जी जास्त भ्यालीय, तिलाच तुम्ही ही हिरवी द्यायचात, आणि एकच अट घालायचात: रोज एकदा बघायला येऊ द्यायचं. गल्लीत बोलबाला झाला, हिरव्या कुंचीत लेकरं जगतात. अस्तर मी तीनदा बदललं. किती लेकरं झाली ते मोजलं नाही, पण प्रत्येक लेकरू पाठमोरं दिसलं की माझं पाऊल थांबतं. पाठीमागून ती सगळी एकच दिसतात.

आता पेटीत तुम्ही ओळखणार नाही असल्या वस्तू आहेत. दूध काढायचं मशीन, बाटल्या उकळायचं भांडं, मांडीवर घ्यायची वाकडी उशी, लेकरू छातीशी बांधायची पट्ट्यांची झोळी, कपाळापुढं धरलं की आकडा दाखवणारं ताप मोजायचं यंत्र. नातीनं व्हाट्सॲपवर ग्रुप काढलाय, नाव 'पेटी'. कॉलनीतल्या पोरी मागतात, वापरतात, पुढच्या दारी देतात. तांदळाची रीत मी सोडू दिली नाही. रोज लेकरू बघून यायची रीतही सोडली नाही, ऑटोनं जाते. पाळण्यावर कॅमेरा लावून फोनवर लेकरू दिसतं म्हणतात. दिसू दे. पण नुसतं फोनवरून लेकरू सांभाळणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

नातीचं पहिलं मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी गेलं. चौथ्या दिवशी दारात पार्सल आलं, तिनं आधीच मागवलेले नवे कपडे. ते न फोडता माळ्यावर गेलं. ही मुलगी लवकर झाली, नऊ दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी आणली त्या दिवशी नात म्हणाली, "आजी, ती हिरवी कुंची काढ." मी काढली. तिनं हातात घेतली आणि बोटं थांबली. "आजी, हिच्यातलं एकही लेकरू गेलं नाही ना? खरं सांग."

मी म्हणाले, "चहा ठेवते." दूध उतू गेलं तरी मी गॅससमोर उभीच. नाही म्हणणं सोपं होतं. पण सोळाव्या वर्षी तुम्ही एकटीनं जे गिळलंत, ते ही पोरगी वर्षभर गिळून राहिलीय. तुम्ही म्हणाला होतात, मी हाय तोवर. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी बाहेर येऊन सगळं सांगितलं.

तिनं गोटावरून अंगठा फिरवला. "अव्वांनी ही जाळली का नाही?"

"हात उचलला नसंल, बाई."

"आणि गाठ आपोआप सुटली होती?"

"सुटलेलीच होती."

"म्हणजे तिला यायचं होतं," नात म्हणाली, आणि तिनं लेकराला कुंची घातली. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं पार्सल काढायला लावलं. आपल्या हातानं फोडलं. एवढीएवढी झबली, किमतीचे कागद लटकलेली. ते कागद कातरून सगळं पेटीत ठेवलं. "हे पण जाऊ दे बाहेर, आजी." मग विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं? आपण तेच ठेवू."

अव्वा, तिचं बारसंच झालं नाही. पण तुम्ही मनात काही धरलं असेलच. सोळा वर्षांची पोर कुंची शिवता शिवता नाव धरतेच. मी कधी विचारलं नाही आणि आता विचारावं असं इथं कोणी उरलं नाही.

आज सकाळी नात ऊन द्यायला लेकराला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभी होती. माझ्याकडं लेकराची पाठ. मी नकळत म्हणाले, "कूसु." लेकरानं मान हलवली. मी उठून पुढं गेले आणि तोंड बघून आले. आपलीच होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पेटीच्या तळाला पेपराखाली ठेवते, गाठ न मारता. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं. गाठ सुटलेली नव्हती. दुहेरी होती, वर तुमच्या बोटांनी ओढलेली विभूती. नखांनी सुटेना, दारात कासारीण रडत होती, म्हणून मी दातांनी सोडली. त्या विभूतीची चव अजून कधी कधी जिभेवर येते. मार चुकवायला मी एक वाक्य बोलले, त्या वाक्यावर तुम्ही उरलेला जन्म हसत काढलात, आणि परवा तेच मी नातीच्या ओटीत घातलं. तिला खरं सांगू, की राहू देऊ? तुम्ही म्हणाल तसं करते.

बारसं रविवारी आहे. शिव्या लिहिल्यात तरी चालतील, पण तिचं नाव लिहा, आणि लवकर लिहा.