नानांचा डावा हात

१३ जुलै, रविवार

भूषणनं आज पुन्हा तेच पाठवलं! घरच्या ग्रुपवर, सकाळी सव्वासहाला. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं — 'जगातले सगळे थोर शास्त्रज्ञ देव मानत होते.' खाली आइनस्टाइनचा फोटो आणि त्याच्या तोंडी असं वाक्य, जे तो बिचारा सात जन्मांत बोलला नसता.

मी लिहिलं — माणसांच्या प्रार्थना ऐकणारा देव त्याला साफ नामंजूर होता, जरा शोधून बघ. भूषणचं उत्तर : जोडलेले हात. चिंधाकाकांचं उत्तर : गुलाबाचं फूल. संपला वाद! धाकटा भाऊ आहे म्हणून, नाहीतर ग्रुप सोडून केव्हाच मोकळी झाले असते.

पूर्वी हे काम नाना करायचे. तीन ओळींत गार करायचे समोरच्याला. शिंदखेड्यात चाळीस वर्षं 'नास्तिक मास्तर' म्हणून काढली त्यांनी. देवळात गेले नाहीत, आजोबांचं श्राद्ध घातलं नाही, माझं लग्न नोंदणी करून लावलं. नोव्हेंबरात झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळे बोलतात, डावा हात जेमतेम हलतो. बाकी सगळं आत.

ग्रुपवर त्यांचं नाव अजून आहे. तेवढंच.

१५ जुलै, मंगळवार

धुळ्याच्या एका वाचनालयातून फोन. २६ तारखेला जाहीर वाद — 'थोर माणसांना देवाची गरज होती का?' होती म्हणणारे निवृत्त प्राध्यापक बन्सीलाल सर. नव्हती म्हणणारी मी. "मास्तरांची मुलगी म्हणून तुमचंच नाव आलं, मॅडम." लगेच हो म्हणाले.

चार वर्षांपूर्वीचं आठवलं. नानांचे एक मित्र गेले. आयुष्यभर पूजेअर्चेची टिंगल करणारा माणूस, आणि श्रद्धांजलीच्या पत्रकात 'परम ईश्वरभक्त'! नाना ते पत्रक हातात धरून कितीतरी वेळ बसले. मग म्हणाले, "मला असं भक्त करू देऊ नकोस. रोहिणी, हे तुझ्याकडे."

माझ्याकडे. भूषणकडे नाही, आईकडे नाही. तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटतं, केवढं ओझं ठेवलं या माणसानं माझ्या डोक्यावर.

१८ जुलै, शुक्रवार

न्यूटनचं काय करायचं? देवाधर्मावर ढीगभर लिहून ठेवलंय त्यानं. रामानुजन तर सरळ कुलदेवीचं नाव घेतो. दोघांनाही भाषणातून वगळलं. (हे प्रामाणिक नाही. ठाऊक आहे.)

२० जुलै, रविवार

जळगावच्या मेहरूण तलावावर मिसबाहबरोबर फिरायला. ती आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, नशिराबादहून रोज येते. पाच वेळची नमाज चुकवत नाही आणि माझ्या एकाही चुकीला माफ करत नाही. भाषण वाचून दाखवलं. भगतसिंग स्वतः लिहून गेले की मी नास्तिक. डार्विन मरताना देवाला शरण गेला अशी आवई उठली, तर त्याच्या मुलीनं ती जाहीरपणे खोडून काढली — ती मुलगी मला फार जवळची वाटते.

"आणि जोतिबा?" मिसबाहनं विचारलं.

"ते निर्मिक मानायचे. देव म्हणजे... तसा नाही, पण निर्माता."

"मग तुमच्या बाजूचे की त्यांच्या?"

"तसं नाही सांगता येत."

"गाडगेबाबा?"

मूर्तीत देव नाही, माणसात आहे म्हणणारे. पण कीर्तनात गोपाला गोपाला चाललेलं.

ती हसायला लागली. "अहो मॅडम, मुर्द्यांना कशाला वोटिंगला नेताय? बन्सीलाल सर एका जीपमधून नेणार, तुम्ही दुसऱ्या. बिचाऱ्यांना विचारलं का कुणी?"

राग आला. घरी येईपर्यंत टिकला. अजून आहे.

२२ जुलै, मंगळवार

हद्द झाली!

भूषणनं व्हिडिओ टाकलाय. आई देवघराशी बसून गहू निवडतेय, श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटांचे. नाना शेजारी चाकांच्या खुर्चीत. अचानक त्यांचा डावा हात उठतो, बोटं मिटतात, हात देवघराकडे जातो, परत छातीशी येतो. दोनदा. खाली भूषणचं वाक्य — 'अखेर नानांनी कानबाईला हात जोडले. आई भवानीची कृपा.'

गुलाबांचा पाऊस पडलाय ग्रुपवर. एकोणतीस गुलाब!

फोन केला. म्हटलं, काढ तो व्हिडिओ. "अक्का, एका हाताचा माणूस नमस्कार तरी कसा करणार? असाच ना?" म्हटलं, तो नमस्कार नाही. "मग काय आहे?" मी पुन्हा तेच — आधी काढ तो. शेवटी म्हणाला, "तुला बाप हवाय का तुझ्या पक्षाचा सभासद हवाय?" फोन आपटला मी.

मग आईला केला. आई म्हणाली, "तू कसाले चिडस माय? हात हालना, यान्हातच माले आनंद शे." हात हलला यातच तिला आनंद. तिला काय बोलणार!

व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला. नानांकडून व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, अशा रुग्णांची बोटं कधीकधी आपोआप मिटतात. बस. एवढंच आहे ते. दुसरं काही नाही.

२६ जुलै, शनिवार

धुळ्याहून परत आले. लिहू नये असं वाटतंय, तरी लिहिते.

हॉल भरलेला. माझं भाषण बरं झालं. डार्विनच्या मुलीवर टाळ्या आल्या. शेवटी नानांबद्दल बोलले — थोर नसलेला, शिंदखेड्याचा एक साधा मास्तर, ज्याला नीट जगायला देवाची गरज पडली नाही. हे आधी लिहिलं नव्हतं. उभ्या उभ्या सुचलं, आणि बोलून गेले.

बन्सीलाल सर उठले. गोड आवाज, पांढरी टोपी. न्यूटन आला, रामानुजन आला — मी वगळलेले दोघेही त्यांनी बरोबर उचलले. आणि मग खिशातून मोबाइल काढला! "मॅडमच्या वडिलांबद्दल मला नितांत आदर आहे. परवाच त्यांचं दर्शन घडलं." लोकांसमोर धरला मोबाइल. पुढच्या दोन रांगांना दिसलं, मागच्यांना भूषणचं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं. "चाळीस वर्षं हट्टानं नाकारलं, तरी शेवटी आईनं लेकराला जवळ घेतलंच." टाळ्या. एक बाई डोळे पुसत होत्या.

घरच्या ग्रुपवरचा व्हिडिओ धुळ्यात कसा पोचला, कोण जाणे. कुठून कुठे जातं सगळं.

मी उठले आणि ओरडले, हो, ओरडलेच — "तो नमस्कार नाही, झटका आहे! रोगानं हात हलतो त्यांचा! त्याला काही अर्थ नाही!"

बन्सीलाल सरांनी मान खाली घातली, जसं काही मीच काहीतरी घाण बोलले. आणि बोललेच की. आठ महिन्यांत बापाच्या अंगात हलणारी एकच गोष्ट, आणि मी तीनशे माणसांसमोर सांगितलं की तिला अर्थ नाही.

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं खिडकीची जागा दिली.

२७ जुलै, रविवार

मिसबाहचा फोन चारदा. घेतला नाही.

३० जुलै, बुधवार

भूषणचा फोन. येत्या रविवारी कानबाई बसणार, यंदा नानांना समोर बसवायचं ठरलंय. टोपी, उपरणं, कपाळाला गंध. "आता त्यांचीच इच्छा आहे ना, अक्का."

त्यांची इच्छा!

आमच्याकडे कानबाईचे रोट करतात ते घरातल्या पुरुषांच्या मोजणीनं. एका पुरुषाची एक मूठ गहू, एक रोट. दळायचे, गोड रोट करायचे आणि पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. रोट उंबऱ्याबाहेर जात नाही. लेकी सासरी गेल्या की त्यांना नाही — आम्ही दुसऱ्या घरच्या. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाना म्हणायचे, "सोड गं, खुळचट आहे सगळं." आणि स्वतः मात्र दरवर्षी दोन रोट हाणायचे! मी चिडवायचे, "नाना, देव मानत नाही आणि देवीचा रोट दुप्पट?" ते म्हणायचे, "देव नाही मानत. गहू मानतो." गोडाचे भारी शौकीन. त्यांच्या तत्त्वात मला सापडलेली ही एवढी एकच फट, आणि ती मी त्यांना प्रेमानं माफ करून टाकली होती.

शनिवारी जाते. नानांची खुर्ची मी देवीसमोर जाऊ देणार नाही. हे माझ्याकडे आहे. त्यांनीच दिलंय.

२ ऑगस्ट, शनिवार. शिंदखेडा

सकाळच्या सुरत पॅसेंजरनं आले. सगळे ओसरीवर जमलेले. आई मुठी मोजायला बसली होती, पुढ्यात सुपात गहू, शेजारी रिकामी परात. नाना खुर्चीत. मला पाहून डोळे हलले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. धुळ्यात काय बोलले ते त्यांना माहीत असेल का? भूषणनं सांगितलं असेल का? विचारायची हिंमत झाली नाही.

आई एकेक नाव घेत परातीत मूठ टाकत गेली. नाना. भूषण. भूषणचा मुलगा. चिंधाकाका. काकांचा मुलगा. "पाच व्हयनात," म्हणून तिनं सूप बाजूला सारलं.

आणि नानांचा हात उठला. अगदी व्हिडिओतल्यासारखा. बोटं मिटली, हात पुढे गेला, छातीशी आला. पुन्हा पुढे.

"बघ!" भूषण म्हणाला. "आता हा पण झटका का, अक्का?"

म्हणजे धुळ्यातलं घरी पोचलेलं होतं.

मी उठले, खुर्चीची मूठ धरली, त्यांना आत न्यायला निघाले. भूषणनं दुसरी बाजू धरली. आम्ही दोघं, चव्वेचाळीस आणि एकेचाळीस वर्षांचे, बापाची खुर्ची दोन बाजूंनी ओढतोय! नाना मधे, घशातून आवाज काढतायत. असा आवाज आठ महिन्यांत ऐकला नव्हता.

"थांबा रे बठ्ठा!" आई ओरडली. आई कधी ओरडत नाही. "त्यास्ले काही तरी सांगनं शे."

तिनं सूप उचललं आणि नानांच्या मांडीवर ठेवलं. नानांनी डावा हात गव्हात घातला. बोटं मिटता मिटेनात. अर्धे गहू सांडले. आईनं परात जवळ धरली, आणि त्यांनी ती मूठ परातीत रिती केली. मग हात खाली पडला, आणि ते शांत झाले. इतके शांत मी त्यांना आजारपणात पाहिलं नाही.

मोबाइल कुणी काढला नाही. भूषणनंही नाही. काका नाक ओढत होते.

तर हे असं. झटका नव्हता. मी खोटं बोलले, भर सभेत. नानांनी स्वतःच्या हातानं, जीव गोळा करून, देवीच्या परातीत गहू घातले. बन्सीलाल सर बरोबर. भूषण बरोबर. मला सांभाळायला दिलं होतं ते त्यांनीच माझ्यादेखत सोडून दिलं, आणि मी काय ओढत बसले होते — नुसती खुर्ची. संताप होतोय, कुणावर ते कळत नाही. उद्या पहिल्या गाडीनं जळगाव.

३ ऑगस्ट, रविवार. शिंदखेडा

गाडी सोडली.

सकाळी आई रोट लाटत होती. सहा. मी विचारलं, पुरुष पाच ना? काल नानांची मूठ तर तू आधीच टाकली होतीस. मग ही कुणाची?

आईनं वर पाहिलंच नाही. "तुनी शे ती. तू जनमनी तव्हयपासून दरसाल त्याच टाकतस. आंडेर काय घरनी नही का, म्हनेत. कोनले सांगू नको म्हनेत — लोक हसतीन, नास्तिक मास्तर कानबाईना गहू मोजस. यंदा त्यास्ना हात चालत नही, आन माले याद राहिनी नही."

लेक घरची नाही का, असं नाना म्हणायचे! "आणि लग्नानंतर?"

"तू सासरी. रोट घरबाहेर जात नही. मंग तुना रोट त्याच खायेत."

दुपारी नानांच्या खुर्चीशी खाली बसून माझा रोट खाल्ला. डाव्या हातानं त्यांनीच मोडून दिला.