पैकीच्या पैकी

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

प्रमोदिनीचा दहावा. सकाळी सातला घाटावर पोचलो. मी, अवनी, प्रमोदिनीचा भाऊ दत्तोपंत आणि गडहिंग्लजची चार माणसं. थंडी होती. गुरुजींनी विधी केले, पिंड ठेवले. झाडावर सहा-सात कावळे होते, पण एकही खाली येईना. साडेनऊ वाजले.

मग एकेक जण शब्द द्यायला लागला. तिच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखायचं आणि पुरं करू म्हणून सांगायचं. दत्तोपंतांचा आवाज मुळात मोठा. "अक्का, पोरीचं लग्न मी लावून देतो! धूमधडाक्यात!" कावळा जागचा हलला नाही. "बरं, साधं करतो की!" दोघं-तिघं हसले. मलाही हसू आलं. मग लाज वाटली.

गुरुजी म्हणाले, "मालक, तुम्ही बोला. तुम्हालाच ठाऊक असणार."

मी हात जोडले. मनात एक होतं, तोंडातून दुसरंच आलं. "अवनी त्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क आणेल."

आणि कावळा शिवला! लगेच.

दत्तोपंत रडायला लागले. "भावजी, हेच होतं बघा अक्काच्या मनात." अवनी पिंडाकडे बघत उभी होती.

मनात काय होतं ते आज लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

तेरावा झाला. पाहुणे गेले. सतरंज्या मांडववाल्याला परत दिल्या.

अवनीची परीक्षा म्हणजे जीमॅट, एमबीएच्या प्रवेशाची. पाच वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटीला आहे, आता पुढे शिकायचं म्हणते. सप्टेंबरात ही परीक्षा दिली. ८०५ पैकी ६७५ आले. त्यावर हैदराबादच्या एका संस्थेला अर्ज गेला, मुलाखतही झाली. "६७५ पुष्कळ झाले" असं तीच तेव्हा म्हणाली होती. प्रमोदिनीने शेजारी पेढे वाटले होते. तेव्हाच उभं राहिलं की धाप लागत होती तिला.

आज जेवताना अवनी म्हणाली, "बाबा, पुण्याची वीस डिसेंबरची तारीख घेतली. पुन्हा बसते."

अर्ज गेलाय, आता कशाला, असं मी विचारायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो.

४ डिसेंबर

अवनीने चुकांची वही केली आहे. सराव परीक्षेत चुकलेला प्रत्येक प्रश्न तीत उतरवते — का चुकला, किती वेळ गेला. मी रकाने आखून दिले. शाळेत पस्तीस वर्षं हेच केलं आहे. माझे रकाने बघून ती हसली. दहाव्यानंतर पहिल्यांदा.

२१ डिसेंबर, रविवार

काल पुण्याला जाऊन आली. ७०५.

घरकामाला येणाऱ्या शालूबाई भाकऱ्या करता करता म्हणाल्या, "सायेब, पोरगी पार वाळली की वो. पास झालीया न्हवं?"

"झाली."

"मग आनि काय पायजे?"

"पैकीच्या पैकी."

"आगं बाई! आन् ते कशापायी?"

मी पेपर उचलून बाहेरच्या खोलीत आलो.

२ जानेवारी २०२६

हैदराबादचं पत्र आलं. प्रवेश मिळाला! येणार की नाही ते दहा फेब्रुवारीपर्यंत कळवायचं आहे. ६७५ वरच घेतलंय त्यांनी. ते नवे मार्क मागतसुद्धा नाहीत.

मी म्हणालो, "मग झालं तर." ती म्हणाली, "झालं कसं? शब्द दिलाय घाटावर. तुम्हीच दिलाय, बाबा. ८०५ झाल्याशिवाय मी कुठे जात नाही. हे वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी."

८०५ लाखात एखाद्याला मिळतात म्हणे.

आता लिहून टाकतो. दवाखान्यात शेवटच्या सकाळी नर्स बाहेर गेल्यावर प्रमोदिनी म्हणाली, "अहो, अवनीला जाऊ द्या. मी नसेन म्हणून तिला घरात डांबून ठेवू नका." मी "हो" म्हणालो. "नुसतं हो नको, तिला तोंडाने सांगा." तेव्हाही "हो" म्हणालो.

घाटावर तेच सांगायचं होतं. अवनी शेजारी उभी होती. तिच्या खांद्यावर आईची शाल होती. ही गेली की घरात आपण एकटे, एवढंच मनात आलं. मग ते पैकीच्या पैकी कुठून आलं मला माहीत नाही. जे कधी होणार नाही तेच आलं.

११ जानेवारी, रविवार

७३५!

पुण्याहून फोनवर तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा होता. मी म्हणालो, "सत्तर राहिले."

मग म्हणाली, "हो. सत्तर."

मी असा माणूस आहे. कागदावर तरी खोटं नको.

२४ जानेवारी

आज तिच्याजवळ बसलो होतो. एका प्रकारच्या प्रश्नात ती आकडेमोडच करत नव्हती. मी म्हटलं, उत्तर काढ की. तर म्हणाली, "यात उत्तर काढायचंच नसतं, बाबा. दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही, एवढंच सांगायचं."

मी चहा टाकायला उठलो. चहा नुकताच झाला होता.

१ फेब्रुवारी, रविवार

७१५. वीसने उतरले.

काल संध्याकाळी एसटी स्टँडवर आणायला गेलो. उतरली ती सरळ चालायला लागली, मी हाक मारेपर्यंत. "वाचता येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं," म्हणाली. घरी येऊन न जेवता झोपली. सकाळी चुकांची वही उघडली, बंद केली, कपाटात ठेवली.

दुपारी दत्तोपंतांचा फोन. "भावजी, कावळ्याला काय कळतंय हो जीमॅट? पाठवा पोरीला हैदराबादला!"

मी म्हणालो, "घाटावर शब्द दिलाय."

"मी बी दिलाय लग्नाचा! म्हणून काय उद्याच मांडव घालू?"

मी हूं केलं. मग ते हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी प्रथमच ऐकला. "अक्का असं मागणारी न्हवती हो. तुमाला म्हाईत हाय की." मी फोन ठेवला.

५ फेब्रुवारी

अवनी अभ्यासाला बसत नाही. कामावरून येते, जेवते, भांडी घासते. शालूबाईंना घासू देत नाही. पुढची तारीख घेतलीस का, असं मी विचारलं. हे विचारायची काय गरज होती! म्हणाली, "बघते."

९ फेब्रुवारी

उद्या शेवटचा दिवस. उद्या सकाळी, ती डबा भरत असताना सांगायचं. दोन वाक्यं आहेत. जास्त काही नाही.

१० फेब्रुवारी

नाही सांगितलं. डबा भरून झाला, ती गेली. संध्याकाळी आली तेव्हा वाटलं, आता सांगावं. समोर बसून वाटाणे सोलले दोघांनी.

तारीख गेली. ती इथेच राहणार. मला बरं वाटलं — हेही लिहितो.

११ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. आज. सगळं. आई काय म्हणाली, मी घाटावर काय बोललो, का बोललो.

ती चप्पल घालत होती. तशीच उंबऱ्यात बसली. म्हणाली, "मी दोन तारखेलाच हो कळवलंय, बाबा."

मला कळेना. म्हणाली, "७१५ आले आणि मला कळलं, हे माझ्याने होणार नाही. तरी जायचं होतं. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. रोज आंघोळ झाली की आईची माफी मागत होते. तुझी एवढी एक इच्छा होती, ती मोडून चाललेय म्हणून." मग माझ्याकडे बघितलं. "आणि तिची इच्छा हीच होती. नऊ दिवस माफी मागतेय, बाबा."

ती कामावर गेली. डबा ओट्यावरच राहिला. नळाला पाणी आलं होतं. मोटर लावली, टाकी भरेपर्यंत जिन्यात उभा राहिलो, मग बंद केली.