तीन जन्मांची कादंबरी

३ मार्च १९७४, पहाटे
आत्मा नाही, तर पुन्हा जन्माला येतं कोण? मला सांगता येत नाही. घरातली पहिली बी. ए. आहे, तरी येत नाही. पण तेवढ्यासाठी कादंबरी थांबवणार नाही. तीन खंड, तीन जन्म. राजकन्या मृगाक्षी आणि किल्ल्यावरचा पाथरवट. समाजाला अमान्य प्रेम. रोज दहा पानं.

५ मार्च
एक पान झालं. सुरुवातीला घाई नको.

९ मार्च
बद्रीनाथ भेटला. कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता जालन्यात मस्तगडला बियाण्याच्या दुकानात असतो. म्हणाला, "प्रभावती, रजिस्टर लग्न करू. आमच्याकडचे शेतवाडीवाले, तुमचे बौद्ध. दोन्हीकडं भडका उडंल. उडू दे." मी शांतपणे सांगितलं, या जन्मी शक्य नाही, पुढच्या जन्मी भेटू.
त्याने विचारलं, "कुठं?"
कल्पनाशक्ती अजिबात नाही. पानं: शून्य. त्याग कसा करायचा, हे मृगाक्षीसाठी टिपून ठेवलं.

१७ मार्च
धाकट्या बहिणीने, बेबीनंदाने माझी वही जेवताना मोठ्याने वाचली. आप्पा कापसाच्या जिनिंगवरून दमून आलेले. घास हातातच राहिला. म्हणाले, "मागल्या जन्माचं पाप म्हणून आपल्याला गावाबाहेर ठिवलं. छप्पन साली दीक्षा घेतली तवा मी मागल्या जन्माला बी हात जोडले अन् पुढल्या बी. मंग माझ्या घरात ही राणी कुठून फिरून आली?"
मी म्हणाले, ही नुसती कल्पना आहे.
"ती बी कल्पनाच व्हती."
माझ्याकडे उत्तर होतं, पण भाकरी गार होत होती.

१८ मार्च
मार्ग सापडला. पुनर्जन्म ठेवायचा, आत्मा काढायचा. असं मराठीत कोणी केलं नसेल.

२५ मार्च
पहिल्या खंडात दोघांना मारून टाकलं. दुसरा खंड. मृगाक्षी आता शिक्षिका, पाथरवट एसटीत कंडक्टर. वाटूर फाट्यावर ती गाडीत चढते. आत्मा नसल्यामुळे कोणीच कोणाला ओळखत नाही. तो तिकीट देतो. ती परतूरला उतरते. खंड संपला. दोन पानं.
आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "एवढ्यासाठी मेली व्हय गं ती?"
आईचं शिक्षण झालेलं नाही.

२ एप्रिल
तिसरा खंड. तो जालन्यात जन्मतो, ती आसामात. भेट नाही. अर्धं पान. दोष माझा नाही, तत्त्व पाळलं की असंच होतं.

८ एप्रिल
बेबीनंदा सांगत होती, बद्रीनाथसाठी मुलगी पाहून राह्यले. रविवारी पाव्हणे येणार. मला काहीच वाटलं नाही. पुढच्या जन्मी तो माझाच आहे.
संध्याकाळी लक्षात आलं, तिथे तो मला ओळखणार नाही. तिकीट देईल.

९ एप्रिल
दुकानात गेले. बाजरीच्या बियाण्याची चौकशी केली. आम्हाला शेत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी त्याने पूर्ण माहिती दिली, किती अंतरावर पेरायचं तेसुद्धा. मग विचारलं, "पाव्हण्यांना काय सांगू?" मी म्हणाले, येऊ नका म्हणून सांग.

१५ एप्रिल
बद्रीनाथशी रजिस्टर लग्न करणार, असं आप्पांना सांगितलं. मागचा जन्म नाही, पुढचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग जे करायचं ते याच जन्मात. बिनतोड मुद्दा. आप्पांनी टोपी काढून झटकली. मग हळूच म्हणाले, "न्हाई म्हंजे... पुढल्या जन्मापर्यंत थांबता येत न्हाई का?"
आईने तोंडाला पदर लावला. रडत होती की हसत, कळलं नाही.

१६ एप्रिल, दुपार
सकाळी रजिस्ट्रारच्या कचेरीत लग्नाच्या नोटिशीवर दोघांनी सह्या केल्या. विजा चमकल्या नाहीत. कारकून म्हणाला, "बाई, अक्षर बराबर काढा, लोकांना वाचता यायला पाहिजे." नोटीस महिनाभर फळ्यावर राहणार. माझं पहिलं प्रसिद्ध झालेलं लिखाण, चार ओळी. आम्ही निघालो तेव्हा तिघं जण वाचत होते, आणि त्यांतला एक बद्रीनाथच्या काकांच्या चांगल्या ओळखीचा होता.