गोल मारला, आणि सॉरी

रविवार, संध्याकाळ

आज मॉलमध्ये शाळेपासूनच्या मैत्रिणीशी, सुमनशी, शेवटचा एअर हॉकीचा डाव. परवा ती भोपाळ सोडून मुलाकडे पुण्याला जाणार, कायमची. तिला एकदा तरी हरवायचं होतं. पण आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या. गोल मारला की तोंडातून 'सॉरी' निघतंच. म्हणून माझ्या नातीने गुण मोजायच्या ॲपमध्ये नियमच घातलाय: सॉरी म्हटलं की गुण गेला, वर एक बदक खिदळतं.

बरोबरीत असताना मी शेवटचा गोल मारला. जिंकले! आणि सुमनकडे बघून म्हणाले, "सॉरी." बदक खिदळलं, गुण गेला, पुन्हा बरोबरी. तेवढ्यात चकती तरंगवणारी टेबलाची हवा बंद, वेळ संपली.

"आजी, ये तो चीटिंग है," शेजारी उभी नात ओरडली.

मुद्दाम म्हटलं का मी? कोण जाणे. ॲपवर डाव अर्धवट दिसतोय, बदक ताटकळलंय.

सुमन म्हणाली, "दिवाळीत येते गं. तेव्हा तोंड बंद ठेव."