शकुच्या पाटल्या, कोर्टाच्या हुकुमाशिवाय

मी, कुंडलिक तुकाराम वाकोडे, निवृत्त सहायक फौजदार, राहणार नाहूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत करतो. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. होतं ते साहेबांचं, ते निवृत्तीबरोबर गेलं.

नोकरीची शेवटची वर्षं मी अंधेरीकडच्या एका ठाण्यात मुद्देमाल सांभाळला, म्हणजे चोरांकडून परत मिळवलेल्या वस्तू. चोर आठवड्यात सापडायचा, पण वस्तू कोर्टाच्या हुकुमाशिवाय जागची हलायची नाही. चार्ज सोडताना सगळी सीलं जुळली आणि माझा जीव भांड्यात पडला.

१. नाहूरचा फ्लॅट माझ्यामागे पत्नी शकु हिचा. तिच्यामागे प्रबुद्ध आणि मनाली या आमच्या मुलांना निम्मा-निम्मा. भांडायचंच असेल तर घरात भांडा, कोर्टात जाऊ नका. तिथल्या तारखा मी पाहिल्यात.

२. मुद्देमालाच्या खोलीसाठी पदरमोड करून घेतलेलं पितळी कुलूप माझ्या जागी आलेल्या देवेशला. खोली गळायची म्हणून कपाट मागितलं, उंदीर पाकिटं कुरतडतात म्हणून सांगितलं, तर वरिष्ठ म्हणाले, "वाकोडे, उंदरांवर गुन्हा दाखल करा." त्यांना मी माफ केलेलं नाही. मी गेल्यावर त्यांनी माझ्या पुण्यानुमोदनाला यावं, पोटभर जेवावं, भाषण मात्र करू नये.

३. शकुच्या पाटल्या मनालीला, असं आम्हा दोघांचं ठरलं आहे.

वेसाव्याच्या कृष्णाबाईंच्या चोरीला गेलेल्या पाटल्या माझ्याकडे सीलबंद होत्या. आरोपी जामिनावर सुटून पळालेला, केस अडकलेली. मासळी विकून झाली की बाई ठाण्यात यायच्या. "माझ्याच ना रे त्या? पोरीच्या लग्नात घालू दे, मग ठेव परत." मला देता येईना. हुकूम आला तोवर बाई वारल्या होत्या. ताब्याची सही त्यांच्या मुलीने, नमिताने केली. मी तिथेच, युनिफॉर्ममध्ये रडलो.

म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. हे लिहिताना मनाली समोरच बसली आहे.

"पप्पा, हे नंतर द्यायचं असतं ना?"

"हुकूम लागत नाही. हात पुढे कर."

शकुने स्वतःच्या हाताने घातल्या. एक अडकली, साबण लावावा लागला. मला फार मोकळं वाटतंय.

साक्षीदार :
१) नमिता चिखले, वेसावे (येताना सुके बोंबील घेऊन आली)
२) भिकाजी परब, शेजारी

ठिकाण : नाहूर. दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५
सही : कुं. तु. वाकोडे

कलम ३ मधील पाटल्या मिळाल्या. देणारे दोघेही हयात आहेत.
– मनाली